मिठागरापासून गॅमा कॅमेऱ्यापर्यंत : स्फटिक वाढवण्याची गोष्ट



आजच्या बोलण्याला निमित्त झालं ते आमच्यातल्याच एकीच्या तपासणीचं. केबिन रोडला राहणारी आमची ही मैत्रीण. गळ्याशी गाठ लागली म्हणून डॉक्टरांनी तिला थायरॉइडचा स्कॅन करायला सांगितला. चिठ्ठीवर ‘न्यूक्लियर मेडिसिन’ असं लिहिलेलं. घरात ते वाचलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तिच्या सासूबाईंना तर न्यूक्लियर म्हटलं की बॉम्बच आठवतो. तपासणीच्या दिवशी हिच्या दंडाला एक इंजेक्शन दिलं, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि मग एका भल्यामोठ्या यंत्राखाली झोपवलं. हिनं विचारलं, "यातून किरणं येतात का हो?" तिथला माणूस घाईत होता. "काही होत नाही, हलू नका," एवढंच त्यानं सांगितलं.

घरी आल्यावर तोच प्रश्न तिनं आम्हाला विचारला. ते यंत्र माझ्या गळ्यावर किरणं सोडत होतं का? खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर येत नव्हतं. मग वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं, आणि उत्तर मिळालं ते अगदी उलटं होतं. यंत्र काहीच सोडत नव्हतं. इंजेक्शनमधून जे औषध अंगात गेलं, त्यात टेक्निशियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी थोडा होता. थायरॉइड ग्रंथीनं तो ओढून घेतला आणि तिथून गॅमा किरण बाहेर पडू लागले. यंत्र फक्त ते टिपत होतं. दर सहा तासांनी हा पदार्थ निम्मा होत जातो, काही लघवीवाटे निघून जातो. म्हणजे त्या खोलीत थोडा वेळ किरणं सोडत होती ती आमची मैत्रीण, आणि टिपत होतं यंत्र!

पण गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांचा आवाज नाही, वास नाही. मग ते टिपले कशानं? त्या यंत्राच्या पोटात एक स्फटिक असतो. माणसानं मुद्दाम वाढवलेला, अतिशय शुद्ध, अखंड स्फटिक. असे स्फटिक वाढवायला माणूस कसा शिकला, ते अधिक चांगले करण्यासाठी काय काय केलं आणि आपल्या मुंबईत हे काम कुठवर आलं, ती गोष्ट आज सांगायची आहे.

गोष्टीची सुरुवात लांबून करायला नको. भाईंदरची मिठागरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पावसाळा सरला की भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, उन्हानं ते आटू द्यायचं. पाणी पुरेसं खारं झालं की तळाशी दाणा धरतो. मीठ तयार झालं असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, मीठ पिकलं असं म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. मिठाचा प्रत्येक दाणा हा स्फटिक असतो आणि तो खरोखरच वाढतो. आधी एक बारीक कण, मग त्याच्या अंगावर शिस्तीनं बसत जाणारे अणू, रांगेवर रांग, थरावर थर. पाणी सावकाश आटलं तर दाणा मोठा आणि चौकोनी येतो. घाईनं आटलं तर भुगा होतो.

घरात खडीसाखर करून पाहिली असेल तर तिथंही हेच दिसतं. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की खडे दोऱ्याला धरून वाढतात. त्यासाठी पाक स्वच्छ हवा, भांडं हलता कामा नये आणि धीर धरायला हवा. शुद्ध माल, धरायला आधार आणि सावकाश चाल, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढची शंभर वर्षांची सगळी गोष्ट या तिन्हींचीच आहे.

एक फरक मात्र आहे. मिठागरात असंख्य दाणे एकदम वाढतात. त्यांचा खडा झाला तरी आत हजारो तुकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. डिटेक्टरला ते चालत नाही. त्याला हवा असतो एकच मोठा दाणा, ज्याच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अणूंची एकच रांग लागली आहे. त्याला एकस्फटिक म्हणतात.

असा एकस्फटिक ओढून काढायची युक्ती सापडली ती म्हणे चुकून. १९१६ साली बर्लिनमध्ये यान चोख्राल्स्की नावाचे पोलिश रसायनतज्ज्ञ रात्री टिपणं लिहीत बसले होते. शेजारी वितळलेल्या कथिलाची मूस होती. लिहिण्याच्या नादात त्यांनी टाक दौतीत बुडवायच्या ऐवजी मुशीत बुडवला. दचकून वर काढला, तर निबेच्या टोकाला कथिलाचा बारीक धागा लटकलेला. त्यांनी तो तपासला आणि धागा म्हणजे एकच अखंड स्फटिक निघाला. गोष्ट अशी सांगतात. पद्धत मात्र पक्की आहे आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. वितळलेल्या रसाला वरून एका छोट्या स्फटिकाचं टोक लावायचं आणि फिरवत फिरवत अगदी हळू वर ओढायचं. त्या छोट्या स्फटिकाला बीज म्हणतात. आपण त्याला विरजण म्हणू. विरजण जसं असेल तसं दही लागतं आणि बीज जसं असेल तशी अणूंची रांग लागते.

दुसरी पद्धत अमेरिकेतले पर्सी ब्रिजमन यांची, १९२५ सालची. तीत ओढायचं काही नाही. निमुळत्या बुडाच्या नळीत माल भरून वितळवायचा आणि ती नळी भट्टीच्या गरम भागातून थंड भागाकडे सावकाश उतरवायची. टोकाशी पहिला दाणा धरतो आणि त्याच्यावरच बाकीचा रस गोठत जातो. या दोन पद्धती आजही स्फटिकवाढीच्या दोन मोठ्या वाटा आहेत.

आता गोष्टीचा दुसरा धागा, किरण टिपण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरणोत्सर्ग मोजायचा तर डोळे फोडावे लागत. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ च्या सुमारास जे प्रसिद्ध प्रयोग केले, त्यात झिंक सल्फाइड लावलेल्या पडद्यावर कण आदळला की एक बारीकशी चमक उठायची. आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे आणि मग एकेक चमक मोजायची. पुढे फोटोच्या काचा आल्या. त्यांवरच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिकच असतात. कण त्यातून गेला की त्याची वाट उमटते आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागते. हे डोळ्यांत तेल घालून करायचं काम अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत स्त्रियांनी केलं. ऑस्ट्रियाच्या मारिएटा ब्लाउ यांनी ही काचांची पद्धत घडवली. आपल्याकडे बिभा चौधुरी यांनी कोलकात्यात देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर हिमालयात काचा ठेवून वैश्विक किरण अभ्यासले. १९४९ मध्ये त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक.

पण डोळ्यांनी किती मोजणार? आणि गॅमा किरण तर काचेच्या पातळ थरातून बहुधा तसेच आरपार निघून जातात. त्यांना अडवायला जाड, घन पदार्थ हवा, आणि अडवल्याचं सांगायला तोच पदार्थ बोलका हवा. इथं दोन्ही धागे एकत्र आले.

१९४५ साली हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठात व्हान हीर्डेन यांनी सिल्व्हर क्लोराइडच्या स्फटिकाला दोन्ही बाजूंनी विजेच्या तारा जोडल्या, स्फटिक खूप थंड केला आणि दाखवून दिलं की आत कण शिरला की विजेचा एक छोटा ठोका मिळतो. डोळ्यांची गरज संपली. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी दुसरी वाट दाखवली. सोडियम आयोडाइडमध्ये थोडं थॅलियम मिसळलं तर गॅमा किरण लागताच तो स्फटिक छान चमकतो. ती चमक टिपायला मागे प्रकाशनलिका लावायची. सोडियम आयोडाइड म्हणजे कोण? आपल्या मिठाचं सख्खं चुलत भावंड. मिठात सोडियम आणि क्लोरीन, यात सोडियम आणि आयोडीन. खोडही मिठासारखीच. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना, त्याहून लवकर हा पाझरतो. म्हणून तो नेहमी धातूच्या डब्यात हवाबंद ठेवतात आणि एका बाजूला काचेची खिडकी देतात.

याच स्फटिकाची रुंद चकती घेऊन हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस गॅमा कॅमेरा बनवला. आमच्या मैत्रिणीच्या गळ्यावर जो झुकला होता तो त्याच कॅमेऱ्याचा नातू. पुढे शिशाची भोकाभोकांची जाड जाळी, म्हणजे फक्त सरळ येणारे किरण आत शिरतील. तिच्यामागे स्फटिक, त्याच्यामागे नलिका. कुठे चमकलं त्यावरून चित्र तयार होतं. आपल्या मुंबईत थायरॉइडच्या अशा तपासण्यांची परंपरा जुनी आहे. अणुऊर्जा विभागानं परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. थायरॉइडच्या रोग्यांसाठी तिथं पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे, आणि थायरॉइडचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त असतो हे आपल्याला सांगायला नको.

मग गोष्ट इथंच का संपली नाही? कारण चमकणाऱ्या स्फटिकाची एक अडचण आहे. किरणाचं आधी प्रकाशात रूपांतर, मग प्रकाशाचं विजेत. दोन हात बदलले की मालात घट येतेच. किरण आला हे कळतं, पण त्याची ऊर्जा नेमकी किती हे थोडं अंदाजानं कळतं. आणि ऊर्जा हीच तर किरणाची ओळख. प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थ आपल्या ठरलेल्या ऊर्जेचेच गॅमा किरण सोडतो. तंबोऱ्याची तार कोणत्या सुरात लागली हे कानाला कळावं, तसं डिटेक्टरला ऊर्जेवरून कळायला हवं की समोर टेक्निशियम आहे, आयोडीन आहे की कोबाल्ट.

त्यासाठी किरणाचं थेट विजेत रूपांतर करणारा स्फटिक हवा. तो म्हणजे अर्धवाहक. अर्धवाहक म्हणजे काय ते घरच्या भाषेत सांगतो. प्रत्येक अणूच्या घरात इलेक्ट्रॉन असतात. तांब्यासारख्या धातूत घराला उंबरठाच नाही, इलेक्ट्रॉन सतत बाहेर हिंडत असतात. तिथं एखादा किरण येऊन गेला तरी गर्दीत कळणार नाही. काचेसारख्या पदार्थात उंबरठा इतका उंच की सहसा कोणी बाहेर पडत नाही. अर्धवाहकात उंबरठा मध्यम. एरवी घर शांत, पण गॅमा किरणानं धक्का दिला की इलेक्ट्रॉन उंबरठा ओलांडून बाहेर येतात. जितकी किरणाची ऊर्जा जास्त, तितके जास्त इलेक्ट्रॉन. ते मोजले की किरणाची ओळख पटली.

पण मोजायचे तर ते टोकापर्यंत पोचले पाहिजेत. शेतात पाटानं पाणी नेताना बांध फुटका असेल तर पाणी वाटेतच मुरतं. तसं स्फटिकात परका अणू किंवा दोन दाण्यांमधली फट असेल तर इलेक्ट्रॉन तिथंच अडकतो. म्हणून अखंड आणि शुद्ध स्फटिकाचा एवढा आग्रह.

पहिला मान जर्मेनियमचा. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील आणि जॉन लिटल यांनी १९४८ पासून चोख्राल्स्कींच्या पद्धतीनं जर्मेनियमचे एकस्फटिक ओढले. वरिष्ठांना त्यात फारसा रस नव्हता. टील यांनी यंत्र चाकांवर बसवलं होतं, दिवसाचं ठरलेलं काम आटोपलं की रात्री ते बाहेर काढायचे. त्याच संस्थेत विल्यम फान यांनी शुद्धीकरणाची एक सुंदर रीत काढली. कांडीचा एक छोटासा पट्टा वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यायचा. मळ रसात राहणं पसंत करतो, म्हणून तो पट्ट्याबरोबर पुढे पुढे जातो. केर झाडत दारापर्यंत न्यावा तसं. पुन्हा पुन्हा झाडायचं आणि शेवटचं टोक कापून टाकायचं.

तरीही डिटेक्टरला तेवढी शुद्धता पुरेना. म्हणून १९६० च्या दशकात जर्मेनियममध्ये लिथियम भिनवून उरलेल्या मळावर उतारा काढला. हे डिटेक्टर फार संवेदनशील, पण फार नाजूक. ते उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजननं कायम थंड ठेवावे लागत. वापरात नसतानासुद्धा. नायट्रोजन संपला आणि वेळेवर भरला गेला नाही, तर लिथियम जागचं हलायचं आणि डिटेक्टर बिघडायचा. १९७० च्या दशकात मग काही लाख कोटी अणूंमागे एखादाच परका अणू उरेल, इतकं शुद्ध जर्मेनियम वाढवणं जमलं. त्याला लिथियमचा टेकू लागत नाही. काम करताना थंडावा मात्र त्यालाही हवाच. कारण जर्मेनियमचा उंबरठा बुटका आहे, खोलीच्या साध्या उष्णतेनंही इलेक्ट्रॉन तो ओलांडतात. सिलिकॉनचा उंबरठा जरा बरा, पण त्याचे अणू हलके, त्यामुळे गॅमा किरण त्यातून सहज निसटतात.

म्हणजे उंबरठा पुरेसा उंच हवा आणि अणू जड हवेत. असा एक जोडपदार्थ आहे, कॅडमियम टेल्युराइड. त्यात थोडं जस्त घातलं की उंबरठा आणखी वर जातो. कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम यांचा हा स्फटिक जगभर त्याच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो, सीझेडटी. त्याला नायट्रोजन लागत नाही, प्रकाशनलिका लागत नाहीत, खोलीच्या तापमानाला तो किरण टिपतो. १९९० च्या दशकात तो डिटेक्टर म्हणून पुढे आला.

ऐकायला सोपं आहे, पण वाढवायला भलता हट्टी. भट्टी हजार अंशांच्या वर न्यावी लागते. त्या उष्णतेला कॅडमियम वाफ होऊन पळतं, म्हणून माल क्वार्ट्झच्या नळीत बंद करायचा, नाहीतर भट्टीत बाहेरून मोठा दाब ठेवायचा. गोठताना टेल्युरियमचे सूक्ष्म थेंब आत अडकतात. पुरणात डाळीचा अख्खा दाणा राहावा तसे. मधेच दिशा बदलून दुसराच दाणा सुरू होतो आणि एकस्फटिकाची रांग तुटते. म्हणून काही ठिकाणी दुसरी रीत वापरतात. टेल्युरियमच्या रसात माल विरघळवायचा आणि भट्टीचा गरम पट्टा दिवसाला काही मिलिमीटर एवढ्याच चालीनं सरकवायचा. यात तापमान कमी लागतं, पण आठवडेच्या आठवडे जातात. एवढं करून कांडी कापली तर तिच्यातला काही भागच डिटेक्टरच्या लायकीचा निघतो. हा स्फटिक महाग का, ते यावरून कळेल.

आता आपल्याकडे येऊ या. होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली, १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जेचं केंद्र उभं राहिलं. भाभांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, त्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं. अणुभट्ट्या चालवायच्या, किरणोत्सर्गी औषधं बनवायची, तर मोजणारी उपकरणं हवीतच. ट्रॉम्बेच्या केंद्रात सोडियम आयोडाइड आणि सीझियम आयोडाइडचे एकस्फटिक वाढवले गेले. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या महाप्रयोगासाठी सिलिकॉनचे पट्टीदार डिटेक्टर ट्रॉम्बेच्या केंद्रानं बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं तयार करून दिले. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कण सापडल्याची घोषणा ज्या दोन प्रयोगांनी केली, त्यातला हा एक.

सीझेडटीची आपल्याकडची मोठी गोष्ट आकाशातली आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट ही अवकाश वेधशाळा गेली. तिच्यावर सीझेडटीची दुर्बीण आहे. ती घडवण्यात मुंबईची टाटा संस्था पुढे होती आणि पुण्याची आयुका तिच्या जोडीला. छोट्या बिस्किटाएवढे, पाच मिलिमीटर जाडीचे ६४ डिटेक्टर, प्रत्येकाचे २५६ कप्पे, एकूण १६,३८४. सगळे मिळून क्षेत्रफळ साधारण एक फुटाच्या फरशीएवढं. ६ ऑक्टोबर २०१५ ला ते सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी दूरच्या अवकाशातला गॅमा किरणांचा स्फोट त्यानं टिपला. पुढं २०१७ मध्ये खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचं मोजमाप याच दुर्बिणीनं केलं आणि त्याची जगभर दखल घेतली गेली.

त्या दुर्बिणीची आखणी आपली, जुळणी आपली, आलेल्या आकड्यांतून अर्थ काढणारी माणसं आपली. पण ते ६४ डिटेक्टर मात्र इस्रायलमधल्या कंपनीकडून घेतलेले होते. यात कमीपणा काही नाही, जगातल्या अनेक संस्था असे डिटेक्टर बाहेरूनच घेतात. पण या गोष्टीचं मर्म इथं दिसतं. दुर्बीण आखणं, उपग्रह सोडणं आपल्याला जमतं. मिठासारखा दिसणारा एक खडा वाढवणं त्याहून अवघड ठरू शकतं. कारण त्याला फक्त हुशारी पुरत नाही. शुद्ध माल लागतो, वर्षानुवर्षं तीच भट्टी, तोच हात आणि बिघडलेल्या कांड्या सोसणारा खिसा लागतो. हैदराबादला सी-मेट संस्थेत कॅडमियम आणि टेल्युरियम अतिशुद्ध करण्याचं काम चालतं ते यासाठीच महत्त्वाचं आहे. आधी शुद्ध माल, मग स्फटिक. मिठागरातही आधी पाणी निवळतं आणि मगच दाणा धरतो.

तुम्ही म्हणाल, आकाशातलं राहू द्या, आमच्या गल्लीशी याचा काय संबंध? आहे. आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी गाळे आहेत. स्टील भंगारातूनही येतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठानं लिलावात विकलेलं जुनं यंत्र आलं. आत कोबाल्ट-६० होतं. कोणाला कल्पना नव्हती. ते फोडलं गेलं, अनेक जण आजारी पडले आणि भंगारात काम करणारा एक माणूस दगावला. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडलं होतं, आणि ते स्टील आपल्या देशातून गेलेलं होतं. अशा वेळी काहीतरी आहे एवढं कळून भागत नाही. काय आहे ते कळावं लागतं. कोबाल्ट-६० दोन ठरलेल्या ऊर्जांचे गॅमा किरण सोडतं. त्या दोन खुणा ओळखणारा स्फटिक हातातल्या छोट्या उपकरणात बसवलेला असला, तर जागेवरच उत्तर मिळतं. स्फटिक जितका चांगला, तितकं ते उत्तर नेमकं.

म्हणून गाळ्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनो, घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. भंगारात आकाराच्या मानानं फार जड, जाड शिशाचं डबडं दिसलं, किंवा पिवळ्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली, तर ते फोडायचं नाही, उचलायचं नाही. लांब व्हायचं, इतरांना लांब करायचं आणि पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला कळवायचं. त्यांच्याकडून निरोप अणुऊर्जेच्या तज्ज्ञांपर्यंत जातो.

आणि दवाखान्यात असा स्कॅन सांगितला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. कॅमेरा किरण टाकत नाही हे आता आपल्याला माहीत आहे. किरणोत्सर्ग असतो तो औषधात, म्हणून दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शन घ्यायच्या आधीच सांगा. औषध कोणतं, घरी गेल्यावर लहान मुलांपासून किती वेळ जपायचं, हे विचारा. हृदयाच्या तपासणीसाठी २००८-०९ च्या सुमारास सीझेडटीचे कॅमेरे आले. स्फटिक अधिक नेमका असल्यामुळे त्यात कमी औषधात किंवा कमी वेळात चित्र मिळू शकतं. ते महाग आहेत आणि सगळीकडे नाहीत. जुन्या सोडियम आयोडाइडच्या कॅमेऱ्यावरही थायरॉइडची तपासणी उत्तम होते.

आमच्या मैत्रिणीची गाठ साधी निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं आहे. ही सगळी गोष्ट आम्ही तिच्या घरी बसून तिला आणि सासूबाईंना सांगितली. सासूबाईंचं माहेर आगरातलं, मिठाच्या कामात त्यांचं लहानपण गेलेलं. कांडी वाढायला आठवडे लागतात हे ऐकून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. दाणा घाईनं धरला की बारीक पडतो, एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. त्यांची नात यंदा अकरावीला विज्ञान शाखेला गेली आहे. स्फटिक वाढवणं हा शिकायचा विषय असतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुठं शिकायचं म्हणून ती आम्हाला विचारत होती. पदार्थविज्ञानाची पदवी आणि पुढं एमएस्सी, ही त्याची सरळ वाट. तुमच्याही घरात कोणी अशी मुलगी असेल तर तिला हे सांगा.